तिसऱ्या नंबरची मॅच

रविवार, १४ सप्टेंबर २०२५

आजपासून रोजनिशी. रग्बीचा पंच काय काय सोसतो याची कुठंच नोंद नाही, म्हणून. वाचायला कुणाला द्यायची नाही. सौ.नं विचारलं काय लिहिताय. कंपनीचं काम आहे म्हणालो.

सद्यःस्थिती. वय अठ्ठेचाळीस. वजन लिहीत नाही, काटा बिघडलाय. नोकरी चितेगावला, कंपनीच्या स्टोअरमध्ये. ती पोटासाठी. खरं काम पंचगिरी. सहा वर्षांपूर्वी दोन दिवसांचं शिबिर केलं, शिट्टी आणि टी-शर्ट मिळाला. तेव्हापासून जिल्ह्यात रग्बीचा एकही सामना माझ्याशिवाय झालेला नाही. जिल्ह्यात दुसरा पंच नाही, पण तो मुद्दा वेगळा.

मोठी बातमी. नोव्हेंबरअखेर राज्य स्पर्धा आपल्या शहरात. नानासाहेबांनी सांगितलं. नानासाहेब म्हणजे आमच्या जिल्हा संघटनेचे सचिव, गुलमंडीत कापडाचं दुकान. संघटनेचं ऑफिस दुकानाच्या माळ्यावर, परकरांच्या गठ्ठ्यांमागं. ते आणखी चार खेळांचे सचिव आहेत, त्यातल्या एकाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नाही. मुंबईहून निरीक्षक येणार आणि लायक पंचांची नावं राज्य पॅनेलवर घेणार. मी म्हणालो, मग माझं झाल्यातच जमा. ते म्हणाले, आधी पळायची टेस्ट हाय बद्रीनाथराव. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

संकल्प: उद्यापासून पहाटे पळणे. रात्री भात बंद. गोड बंद. चिडणे बंद.

सोमवार, १५ सप्टेंबर

पाऊस. पळालो नाही. भात खाल्ला, कारण पोळ्या कमी पडल्या.

बुधवार, १७ सप्टेंबर

मुक्तिसंग्राम दिन. झेंडावंदन. आजच्या दिवशी पळणं बरं दिसत नाही.

शनिवार, २० सप्टेंबर

पळालो. सिडकोतल्या आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत गेलो तर कुत्रं मागं लागलं, त्यामुळं परतीचा वेग फार चांगला पडला. हाच वेग कायम ठेवायचा. कुत्र्याशिवाय.

रविवार, २८ सप्टेंबर

बायकांच्या वर्ल्डकपची फायनल मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहिली. आता तिकडं खेळाडूंच्या तोंडात लाइटवालं गार्ड असतं. डोक्याला जोरात मार बसला की तोंडात लाल दिवा लागतो. आणि पंच ऊठसूट पडद्यावर व्हिडिओ बघतात. माझं स्पष्ट मत: ज्याला आपल्या डोळ्यांचा भरवसा नाही त्यानं शिट्टी खाली ठेवावी. मी सामन्यात चष्मासुद्धा लावत नाही. चष्म्यानं रुबाब जातो.

जागतिक संघटनेला ईमेल केला. दहा सूचना. टॅकल, म्हणजे गडी पाडायची पकड, किती उंचीवर चालावा, वीस मिनिटांचं रेड कार्ड कसं मूर्खपणाचं आहे, पंचाचा शब्द कसा अंतिम हवा, सगळं मांडलं. उत्तर आलं. सविस्तर नाही, पण एका मिनिटाच्या आत. आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. इकडं नानासाहेब माझा फोन तीन-तीन दिवस उचलत नाहीत.

सौ. म्हणाली, पुढं पळायचं आणि चेंडू मागं टाकायचा, हा कसला खेळ. तासभर समजावून सांगितलं. बोलून झाल्यावर बघितलं तर ती झोपली होती. शेवटचा भाग महत्त्वाचा होता.

रविवार, ५ ऑक्टोबर

रामकिसन आला होता बदनापूरहून, मोटरसायकलवर. आवडाआक्काचा मुलगा, माझा एकुलता भाचा. गुणी पोरगा. पोलीस भरतीची तीन वर्षं तयारी करतोय. दोनदा थोडक्यात राहिला. आता मार्चनंतर वय बसत नाही. राज्य स्पर्धेत पहिल्या तीनात नंबर आला तर खेळाडूंच्या राखीव जागेतून होईल. म्हणजे हीच शेवटची संधी.

हा रग्बीत आला तो माझ्यामुळं. आधी कबड्डी खेळायचा, बरा खेळायचा. पण कबड्डीत गल्लोगल्ली वाघ पडलेत, तिथं कधी नंबर लागायचा. मीच म्हणालो होतो, रग्बीत ये, मैदान मोकळं आहे. आज जालन्याच्या संघाचा कप्तान आहे. दूरदृष्टी म्हणतात ती ही.

म्हणाला, मामा, एकडाव येऊन पोरांना नियम सांगता का, समदे कबड्डीचेच हायेत. पुढच्या रविवारी येतो म्हणालो. सौ.नं त्याच्यासाठी शिरा केला होता. पाहुण्याला एकट्याला खायला लावू नये म्हणून बसलो.

रविवार, १२ ऑक्टोबर

बदनापूरला जाऊन आलो. सराव सामना घेतला. सविस्तर लिहितो, कारण असा प्रकार जगाच्या पाठीवर झाला नसेल.

शिट्टी वाजली. जालन्याच्या पोरांनी आधी जमिनीला हात लावून कपाळाला लावला. ठीक. पहिल्या पोराला चेंडू मिळाला, तो पळाला, समोरच्यानं त्याला पाडलं. हा उठला, चेंडू तिथंच ठेवला, मान खाली घालून मैदानाबाहेर गेला आणि रेषेवर मांडी घालून बसला. मला वाटलं लागलं असेल. मग दुसरा पडला, तोही जाऊन पहिल्याच्या शेजारी बसला. मग तिसरा. विचारलं तर म्हणे, बाद झालो ना सर. आपला गडी गुण आणील तवा उठू.

सांगितलं, रग्बीत बाद नसतं. पडला की उठायचं आणि परत खेळायचं. त्यांचा विश्वास बसेना. एकानं विचारलं, मग माणूस बाद कधी होतो. म्हणालो, होतच नाही. त्यावर सगळे जरा नाराज झाले. इतका वेळ पळायचं असेल तर सामन्याचा टायम कमी करा म्हणाले.

रामकिसन मात्र तयार. त्याची कबड्डीची घोट्याची पकड. मागून झेप घेतो, दोन्ही हातांनी घोटा धरतो, कितीही दांडगा गडी असो, जागेवर आडवा. मी सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं, टॅकल असा करायचा. जितका खाली तितका कायदेशीर. सगळं जग आज हेच सांगतंय.

आक्कानं जेवू घातलं. येताना शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. बसमध्ये फक्त वास घ्यायचा ठरवलं होतं.

गुरुवार, २३ ऑक्टोबर. भाऊबीज

आक्काकडं गेलो. नानासाहेबांच्या दुकानातून साडी नेली होती, मोरपंखी. आक्कानं पाट मांडला, टोपी घातली, ओवाळलं. मी साडी ताटात ठेवायला गेलो तर तिनं हात मागं घेतला. म्हणाली, साडी नगं बद्री. माझ्या लेकराचं बघ. तू पंच हायेस, तुझ्या हातात हाय. पोरीवाले बी थांबलेत, नोकरी लागली की लगीन लावू म्हणतात. मला दुसरी ओवाळणी नाय लागत, पाटावर बसून व्हय म्हण.

मी कायदा सांगायला सुरुवात केली. पंच तटस्थ असतो वगैरे. ती ताट धरून उभीच. निरांजनातली वात विझायला आली तरी हात खाली घेईना. रामकिसन दारात उभा होता, तो लाजून बाहेर निघून गेला. शेवटी हो म्हणालो.

आता इथं नोंद करून ठेवतो. हो म्हणालो ते ऐकलं या अर्थी. मान्य केलं या अर्थी नाही. पंच ओवाळणीत मिळत नाही. शिवाय जालन्याचा सामना माझ्याकडं येणारच नाही, आणि आलाच तर मी असा वागेन की जगानं बघावं. साडी आक्कानं नंतर ठेवून घेतली.

दिवाळीचं गोड खाल्लं. सणाला संकल्प लागू नसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

फिटनेस टेस्ट. वीस मीटर जा-ये, चाळीस जा-ये, साठ जा-ये, असं पाचदा. पूर्ण केली. या वयात पूर्ण करणं हीच बाब. वेळेचं म्हणाल तर घड्याळ लावणारा पोरगा मधेच चहा प्यायला गेला होता, तरी तो परत आला तेव्हा माझं चालू होतं. नानासाहेब म्हणाले, बद्रीनाथराव, राखीवमध्ये घेतो तुम्हाला, झेंडा धरायला. जिल्ह्याचा माणूस पाहिजेच ना एखादा.

राखीव म्हणजे वेळ पडली तर सगळी जिम्मेदारी ज्याच्यावर येते तो. एका अर्थी मुख्य पंचापेक्षा अवघड. सौ.ला सांगितलं, निवड झाली. कशासाठी ते तिनं विचारलं नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

स्पर्धा सुरू. मंडप, सतरंजी, हार, भाषणं. गोलपोस्टचे पाइप एका बाजूला कललेत, पण दोन्ही संघांना सारखेच कललेत. दिवसभर रेषेवर झेंडा धरला. प्रेक्षकांतल्या एकानं विचारलं, काका, चेंडू दबलाय का. मी झेंडा आणखी वर धरला.

निरीक्षकसाहेब आले. निळा ब्लेझर, गंभीर चेहरा. मंडपात पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत. मी तीनदा समोरून गेलो. तिसऱ्यांदा त्यांनी पाण्याची बाटली मागितली. सुरुवात चांगली झाली.

जालन्याला पहिल्या फेरीत बाय, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत.

शनिवार, २९ नोव्हेंबर

जालन्याचा प्रतिस्पर्धी संघ आलाच नाही, त्यांची गाडी वाटेत बंद पडली. जालन्याला पुढे चाल. अशा रीतीनं एकही सामना न खेळता सेमीफायनलला. दुपारी सेमीफायनल कोल्हापूरशी. त्याचा तपशील लिहिण्यात अर्थ नाही. रामकिसनचा ओठ फुटला, पण शेवटच्या मिनिटापर्यंत पळत होता.

आता उद्या सकाळी तिसऱ्या नंबरची मॅच. जालना विरुद्ध धुळे. धुळ्याचे दोन गडी जायबंदी आहेत. पोरगं जिंकू शकतं. आक्का उद्या येणार आहे बघायला, जन्मात पहिल्यांदा.

संध्याकाळी बाहेरगावच्या पंचांना नान-खलिया, म्हणजे रोटी आणि मटणाचा रस्सा, खायला नेलं. आपल्या गावची इज्जत. पुण्याचे मुख्य पंच फार खूश. तीन नान, दोन वाट्या खलिया, आणि मी नको म्हणत असताना वर दोन ग्लास थंडगार लस्सी. मी त्यांना सोबत म्हणून खाल्लं.

रविवार, ३० नोव्हेंबर. संध्याकाळ

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी मैदानावर पोचलो तर पुण्याच्या पंचांचं पोट बिघडलेलं. लस्सी. बाकीचे दोघं फायनलसाठी राखून ठेवलेले. नानासाहेब म्हणाले, बद्रीनाथराव, तिसऱ्या नंबरची तुम्ही काढा. आणि नियमाप्रमाणं विचारलं, दोन्ही संघांत कुणी नात्याचं नाही ना. मी म्हणालो, मैदानात पंचाला नातं नसतं. ते वा वा म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले. मी खोटं बोललेलो नाही.

आत जाताना आक्का दिसली. मोरपंखी साडी नेसून आली होती, दोरीला धरून उभी. मला बघून तिनं हात जोडले. आसपासच्या लोकांनी बघितलं. मला ते बरं वाटलं नाही. मंडपात मधल्या खुर्चीवर निळा ब्लेझर दिसत होता. तेव्हाच ठरवलं, आज तटस्थता काय असते ते दाखवायचं.

पहिला हाफ. धुळ्याचे पाच. मग जालन्याचे पाच. रामकिसनचा ट्राय, रेषेपलीकडं जाऊन चेंडू टेकवला, फार सुंदर, शिट्टी वाजवताना मला भरून आलं, म्हणून मी त्याच्याकडं मुद्दाम बघितलं नाही. दुसरा हाफ, जालन्याचे आणखी पाच. दहा-पाच. ट्रायनंतरची जादा गुणांची किक दोन्हीकडं कुणालाच जमत नाही. जालन्याचा एकही पोरगा बाहेर जाऊन बसला नाही. माझ्या मार्गदर्शनाचं फळ.

शेवटचं मिनिट. धुळ्याचा एक उंच पोरगा चेंडू घेऊन सुटला. पुढं कुणी नाही. रेषा दोन-तीन ढांगांवर. आणि मागून रामकिसन आला, झेप घेतली, घोटा धरला. पोरगा आडवा. चेंडू बाहेर. लोक ओरडायला लागले. आक्काचा आवाज मला वेगळा ऐकू आला, बद्री म्हणून. माझ्या नावानं ओरडली.

मी शिट्टी वाजवली.

कारण लिहितो. माझ्या जागेवरून तो टॅकल खांद्याच्या वर वाटला. कुणी म्हणेल घोटा होता. पण माणूस पडत असताना त्याचा खांदाही खाली येत असतो. खांदा खाली आला की त्या मानानं घोटा वर जातो. म्हणजे तत्त्वतः उंचीचा प्रश्न येतोच. धोकादायक टॅकल, ट्राय अडवला, सबब पेनल्टी ट्राय, सात गुण. धुळे बारा, जालना दहा. वर रेड कार्ड. पिवळं चाललं असतं, पण तटस्थता अर्धवट नसावी.

रामकिसन माझ्यासमोर उभा राहिला. ओठातून परत रक्त आलं होतं. म्हणाला, मामा, पाय धरला ना मी. मी कार्ड वर धरूनच होतो. त्यानं थोडा वेळ वाट बघितली आणि मग बाहेर गेला.

धुळ्याचे कोच सामन्यानंतर येऊन हात धरून म्हणाले, असा पंच आम्ही कुठंच बघितला नाही. ही खरी पावती. आक्का कधी गेली कळलं नाही.

सोमवार, १ डिसेंबर

नानासाहेबांच्या दुकानात गेलो, निरीक्षकसाहेब काय म्हणाले ते विचारायला. नानासाहेब म्हणाले, ते काल सकाळीच अजिंठ्याला गेले की. इतक्या लांब आलोय तर लेणी बघून घेतो म्हणाले. फायनललाच आले परत. मी म्हणालो, मंडपात होते, मी पाहिलं. नानासाहेब म्हणाले, ब्लेझर होता. जागा धरायला खुर्चीला अडकवून गेले होते.

परकर बघायला बायका आल्या होत्या. मी बाजूला सरकून उभा राहिलो.

नानासाहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कुणीतरी काढलाय, सगळीकडं फिरतोय. बोटानं मोठा करून दाखवला. घोटा आहे. कॅमेऱ्याचा कोन फसवा असू शकतो. तरी घोटा आहे.

मग त्यांनी आवाज खाली करून सांगितलं, तुमचा भाचा हाय म्हणे तो. आधी बोलायचं ना बद्रीनाथराव. आता ऐका. अजून काय बिघडलं नाय. रविवारी कमिटीची बैठक हाय, तिथं निकाल पक्का व्हतो. तुम्ही दोन ओळी लिहून द्या, माझ्याकडून निर्णय चुकला. धुळ्याचं काय जात नाही, जालन्याला बी संयुक्त तिसरा देऊन टाकू. दोघांना सर्टिफिकेट. समदे खूश. फक्त तुमची सही पाहिजे, रविवारच्या आधी.

वा. दोन ओळी. आज रात्रीच लिहितो.

मंगळवार, २ डिसेंबर

काल जेवणानंतर झोप लागली. आज कंपनीत लिहायला बसलो. पहिली ओळ झाली: महोदय. पण नुसतं चुकला म्हणणं बरोबर नाही. कोणत्या परिस्थितीत चुकला हे यायला हवं. ऊन डोळ्यावर होतं. चष्म्याचा मुद्दा टाळावा.

गुरुवार, ४ डिसेंबर

मजकूर चार पानं झालाय. पंचगिरीचा इतिहास, जगभर पंचांवर येणारा ताण, व्हिडिओची सोय नसलेल्या जिल्ह्यांचे प्रश्न. फार चांगलं उतरतंय. मूळ मुद्द्यावर अजून आलेलो नाही, पण भूमिका मजबूत झाल्याशिवाय येऊ नये.

सौ. म्हणाली, आक्काचा फोन आला होता. बद्रीला फोन दे असं काही आक्का म्हणाली नाही. सौ. म्हणाली, दोन ओळी लिहून द्या की हो, पोराचं आयुष्य हाय. तिला कसं कळलं विचारलं. म्हणाली, रामकिसननं सांगितलं. नानासाहेबांनी त्यालाही सांगितलंय. म्हणजे तो वाट बघतोय.

उद्या नक्की.

शुक्रवार, ५ डिसेंबर

सात पानं. वाचून पाहिलं. चुकला हा शब्द कुठंच बसत नाही. जिथं टाकावा तिथं वरचं सगळं कोसळतं. त्याऐवजी 'मतभेदास वाव आहे' असं लिहिलं. नानासाहेबांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, यानं होत नाही, कमिटीला चुकला पाहिजे. आणि पॅनेलवर माझ्या नावाचं काय, विचारलं. ते म्हणाले, चूक लिहून दिली तर ह्या साली अवघड हाय, खोटं कशाला सांगू.

विचार करायला हवा. घाईत सही करू नये.

शनिवार, ६ डिसेंबर

विचार केला. रामकिसन हुशार आहे, त्याला दुसरीकडं कुठंही लागेल. पॅनेलवर गेलो तर मराठवाड्यातल्या अशा शंभर रामकिसनांचं मी भलं करू शकतो. शिवाय पंचाचा निर्णय अंतिम, हे मीच जगाला लिहून कळवलेलं आहे. त्यांच्याकडं ते नोंदलेलं असणार.

पण आक्काचं ताट डोळ्यासमोरून जात नाही. वाईट वाटतंय. सरळ लिहितो इथं तरी, फार वाईट वाटतंय. ठरलं. उद्या सकाळी लवकर उठून दोन ओळी लिहायच्या आणि गुलमंडीत जाऊन देऊन यायच्या. चुकला हाच शब्द. बैठक अकराला आहे.

रविवार, ७ डिसेंबर

उठलो लवकर. दोन ओळी लिहिल्या. सही केली. निघणार तेवढ्यात वाटलं, इतक्या महत्त्वाच्या कामाला मळक्या शर्टात कुठं जायचं. पंचाचा टी-शर्ट धुवायला टाकलेला. सौ. म्हणाली, असेच जा. मी म्हणालो, वाळू दे. इस्त्री केली. मग स्कूटर पंक्चर. खरंच पंक्चर होती, सौ. साक्षीला आहे.

रिक्षानं पोचलो तेव्हा बैठक आटोपून सगळे जिलबी खात होते. नानासाहेब म्हणाले, पाच मिनिटांपूर्वी बी आला असता तर. दोन ओळी खिशात होत्या. काढल्या नाहीत, आता उपयोग काय. जिलबी मात्र हातात दिलीच त्यांनी.

रविवार, १४ डिसेंबर

पॅनेलची यादी व्हॉट्सॲपवर आली. माझं नाव नाही. वरपासून खालपर्यंत दोनदा बघितलं. मग उलटं खालून वर. पुण्याच्या पंचांचं आहे.

नानासाहेबांना मेसेज टाकला, काही चुकलं असेल. त्यांनी अंगठा पाठवला. पुढच्या वर्षी.

सौ. म्हणाली, रामकिसनचं जिथं जमत होतं ते पोरीवाले दुसरीकडं गेले. भाकरी थापता थापता म्हणाली, माझ्याकडं बघितलं नाही. मी म्हणालो, मार्चला अजून वेळ आहे. कशाला वेळ आहे ते मलाही सांगता आलं नसतं.

गुरुवार, १ जानेवारी २०२६

नवीन वर्ष. संकल्प: पळणे. भात बंद. सामन्यात चष्मा लावणे. आक्काला फोन करणे.

लावला. उचलला नाही. शेतात असेल.

सोमवार, ५ जानेवारी

कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीचा ठेकेदार बदललाय. आज सकाळी नवीन माणसं. आत जाणाऱ्या प्रत्येकाची बॅग, डबा, खिसे तपासत होती. रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला तेव्हा वर बघितलं. निळा शर्ट, खांद्यावर पट्टी, डोक्यावर टोपी. रामकिसन.

मला कुणी सांगितलं नव्हतं. सौ.ला माहीत असणार.

मी म्हणालो, अरे रामकिसन. तो म्हणाला, साहेब, डबा. मी दिला. त्यानं उघडून बघितला, बंद केला. मग दोन्ही हात वर करा म्हणाला. केले. त्यानं बगलेपासून कमरेपर्यंत चाचपलं, मग वाकून पायापर्यंत, सगळ्यांचं करतात तसंच, ना जास्त ना कमी. मी हात वर करून उभा होतो. वाटलं, एकदा मामा म्हणेल. म्हणावं अशी फार इच्छा झाली. विचारणार होतो, आक्का कशी आहे.

तो म्हणाला, झालं साहेब, पुढं चला. मागं रांग लागली होती. पुढं झालो.